शून्य ओळी

संध्याकाळी मी आवरून उठण्याच्या बेतात होते, तेव्हा आमच्याकडे नव्यानेच रुजू झालेला मुलगा लॅपटॉप दोन्ही हातांवर तबकासारखा धरून माझ्या टेबलापाशी आला आणि काही न बोलता उभा राहिला. पडद्यावर त्याची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, होती आणि तिच्याखाली उत्तराची रिकामी चौकट. चौकटीत 'नाव' हे रकान्याचे शीर्षक तेवढे होते आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते : शून्य ओळी. आम्ही ज्या ग्रंथालयाच्या नोंदी सांभाळतो, त्यांच्या डेटाबेसमधून त्याला अशा सभासदांची यादी काढायची होती, ज्यांनी सभासद झाल्यापासून एकही पुस्तक नेलेले नाही. असे सभासद आहेत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. त्यांतले दोघे तर त्याने स्वतः नजरेने शोधून काढले होते. क्वेरी वाचायला अगदी सरळ होती : सभासदांच्या तक्त्यातून नाव निवड, जिथे सभासद क्रमांक देवघेवीच्या तक्त्यातल्या सभासद क्रमांकांमध्ये नाही. कुठे लाल संदेश नव्हता, इशारा नव्हता. मी वाकून पाहिले, उभ्या उभ्याच त्याच्या कीबोर्डवर हात घातला, आतल्या क्वेरीच्या शेवटी 'व्हेअर सभासद क्रमांक इज नॉट नल', म्हणजे 'जिथे सभासद क्रमांक कोरा नाही', एवढे जोडले आणि एंटर दाबले. २१४ नावे आली. 'नल होता,' मी म्हणाले. 'अच्छा, नल,' असे म्हणत तो मनापासून आभार मानून गेला आणि मी पर्स उचलली. सगळे मिळून अर्धे मिनिट लागले असेल.

चार दिवसांनी त्याची पुढची क्वेरी माझ्याकडे तपासायला आली. या वेळी प्रत्येक सभासदासमोर त्याने आजवर नेलेल्या पुस्तकांची संख्या हवी होती, आणि ज्यांनी काहीच नेले नाही त्यांच्यासमोर शून्य. त्याने दोन तक्ते जोडणारा लेफ्ट जॉइन वापरला होता, जो इथे बरोबरच होता, कारण डावीकडच्या तक्त्यातली एकही ओळ त्यात गळत नाही. उजवीकडे जोडीदार सापडला नाही तर त्या जागी नल भरून ओळ पुढे जाते. पण क्वेरीच्या शेवटी त्याने 'व्हेअर देवघेव दिनांक इज नॉट नल' असे लिहून ठेवले होते. म्हणजे लेफ्ट जॉइनने ज्यांना सांभाळून आणले, त्यांनाच दारातून बाहेर काढण्याची व्यवस्था. ती २१४ माणसे पुन्हा नाहीशी झाली होती. वर नजर टाकली तेव्हा दिसले की त्या चार दिवसांत लिहिलेल्या प्रत्येक क्वेरीत, गरज असो वा नसो, ती ओळ आहे. हे का लावले, असे विचारल्यावर त्याने जरा चकित होऊन माझ्याकडे पाहिले. 'तुम्हीच लावलं होतं ना, मॅडम, त्या दिवशी. त्याने उत्तर येतं.'

त्याने उत्तर येतं.

हे वाक्य मला बरेच दिवस टोचत राहिले. मी त्याला तोडगा दिला होता, आणि तोडग्याचे जे होते तेच झाले होते : उंबरठ्यावर टांगलेल्या लिंबू-मिरचीसारखा तो जिथे तिथे लटकू लागला होता. वास्तविक त्या संध्याकाळी सांगायला हवे होते ते काही फार मोठे नव्हते. देवघेवीच्या तक्त्यात काही नोंदी अशा होत्या की पुस्तक बाहेर गेले होते, पण कोणा सभासदाकडे गेले नव्हते. बांधणीला पाठवलेल्या पुस्तकांची नोंद कोणीतरी त्याच तक्त्यात करून सभासद क्रमांकाचा रकाना कोरा सोडला होता. अशा नऊ नोंदी होत्या. आता '१७ क्रमांक या यादीत नाही ना' असे डेटाबेसला विचारले, की तो यादीतल्या एकेका मूल्याशी १७ ची गाठ घालून देतो. १७ हा ३ पेक्षा वेगळा आहे का? आहे. २८ पेक्षा वेगळा आहे का? आहे. या कोऱ्या रकान्यापेक्षा वेगळा आहे का? इथे तो थबकतो. कोऱ्या जागी काय असायला हवे होते ते ठाऊक नाही, कदाचित १७ च असेल. त्यामुळे उत्तर होकारार्थीही नाही आणि नकारार्थीही नाही, 'सांगता येत नाही' असे आहे. ही सगळी उत्तरे 'आणि'ने जोडलेली असल्यामुळे तेवढ्या एका उत्तराने पूर्ण अटच अनिश्चित होते, आणि व्हेअरच्या दारातून फक्त स्वच्छ 'हो' म्हणणाऱ्या ओळी आत जातात. नऊ कोऱ्या रकान्यांनी २१४ माणसे अडवून धरली होती. एकानेही भागले असते. नॉट इनऐवजी नॉट एक्झिस्ट्स लिहिले असते तर हा पेच आलाच नसता, कारण तिथे 'जुळणारी ओळ सापडते का' एवढेच विचारले जाते आणि कोरा रकाना कोणाशीच जुळत नाही. हे सांगायला पाच मिनिटे लागली असती. ती मी वाचवली.

खरे तर कोरेपणाचे हे प्रकार मराठी माणसाला नवे नाहीत. ज्याने कधी तक्ते भरले आहेत त्याला 'निरंक' लिहिणे आणि रकाना कोरा सोडणे यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. निरंक म्हणजे पाहिले, मोजले, काही आढळले नाही. कोरा म्हणजे कोणी पाहिलेच नाही, किंवा पाहिले पण लिहायचे राहिले, किंवा तो प्रश्न या माणसाला लागूच नाही. अविवाहिताच्या अर्जात जोडीदाराच्या नावाची जागा कोरी असते ती एका कारणाने, आणि जन्मतारखेची जागा कोरी राहते ती निराळ्याच कारणाने. रिलेशनल डेटाबेसची कल्पना १९७० मध्ये मांडणाऱ्या एडगर कॉड यांना हा फरक इतका महत्त्वाचा वाटत होता की १९९० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी कोऱ्या जागेसाठी दोन वेगळ्या खुणा सुचवल्या : एक 'मूल्य आहे पण माहीत नाही' यासाठी आणि दुसरी 'इथे मूल्य लागूच होत नाही' यासाठी. ती सूचना व्यवहारात उतरली नाही. आपल्या वाट्याला एकच नल आला, आणि ओरॅकल हा डेटाबेस तर रिकामी अक्षरमाळ, म्हणजे दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये काहीही नसलेले मूल्य, हेसुद्धा नलच धरतो. नवशिका जेव्हा 'नल बरोबर नल' अशी तुलना करून पाहतो आणि उत्तर 'हो' येत नाही, तेव्हा त्याला हा निव्वळ वात्रटपणा वाटतो. मलाही वाटला होता. त्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला विचारले होते की समोरून येणाऱ्या दोन अनोळखी माणसांचे वय मला ठाऊक नाही, मग ती दोघे एकाच वयाची आहेत असे मी म्हणेन का. मला तेव्हा राग आला होता, कारण मला उत्तर हवे होते आणि तो मला माणसांविषयी विचारत होता. उत्तरे मी विसरले. ती दोन माणसे मात्र अजून समोरून येत आहेत.

क्वेरी जिच्यात लिहितात त्या भाषेचे, एसक्यूएलचे, वाक्यासारखे दिसणे नवशिक्याला फार फसवते, असे मला वाटते. आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ती मांडली तेव्हा तिचे नाव सीक्वेल होते. इंग्रजीच्या वळणावर बेतलेली प्रश्नांची भाषा, असा त्या नावाचा विस्तार होता आणि प्रोग्रामिंग न शिकलेल्या माणसालाही आपल्या माहितीला थेट प्रश्न विचारता यावा हा त्यामागचा हेतू होता. ते नाव दुसऱ्या कोणाचे तरी व्यापारचिन्ह निघाले, म्हणून त्यातले स्वर गळून एसक्यूएल उरले. १९८६ मध्ये तिचे प्रमाणीकरणही झाले. हेतू उदार होता. पण इंग्रजी आज्ञा क्रियापदाने सुरू होते, म्हणून क्वेरीही सिलेक्टने सुरू होते, आणि डेटाबेसचा विचार तिथून सुरू होत नाही. तर्काच्या क्रमाने पाहिले तर आधी फ्रॉम येतो, मग व्हेअर, मग ग्रुप बाय, मग हॅविंग, आणि त्यानंतर कुठे सिलेक्टची पाळी येते. ऑर्डर बाय, म्हणजे ओळींचा क्रम लावणे, त्याच्याही मागून. म्हणूनच सिलेक्टमध्ये एखाद्या हिशेबाला 'थकलेले दिवस' असे टोपणनाव द्यावे आणि दोनच ओळी खाली व्हेअरमध्ये ते वापरावे, तर बहुतेक डेटाबेस 'असा रकाना अस्तित्वात नाही' म्हणून हात झटकतात. तेच नाव ऑर्डर बायमध्ये मुकाट्याने चालते. वरून खाली वाचणाऱ्याला यात काही संगती दिसत नाही आणि तो नियम पाठ करायला घेतो.

मला फार उशिरा, एका कंटाळवाण्या दुपारी, असे लक्षात आले की तीच क्वेरी मराठीत म्हणून पाहिली तर क्रम आपोआप जुळतो. 'सभासदांच्या तक्त्यातून, ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांचे, शाखेप्रमाणे गट करून, ज्या गटांत दहापेक्षा जास्त माणसे आहेत त्या शाखांची नावे निवड.' कुठून, कोणाचे, कसे गट, कोणते गट, आणि सगळ्यांत शेवटी क्रियापद. डेटाबेस मराठीत विचार करतो असा दावा मी अर्थातच करणार नाही, पण तेव्हापासून मी क्वेरी टाइप करण्याआधी ती मनातल्या मनात मराठीत म्हणते, आणि वाक्य अडखळले तर क्वेरीही अडखळणार हे बहुधा आधीच कळते. ग्रुप बायचा घोळही तिथेच उघडा पडतो. शाखेप्रमाणे गट केल्यावर प्रत्येक शाखेची एकच ओळ उरते. त्या ओळीत 'सभासदाचे नाव' मागितले तर साठ जणांपैकी कोणाचे द्यायचे? मराठीत म्हणताना जीभच अडते. मायएसक्यूएल हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर पूर्वी अशा वेळी गटातले कुठले तरी एक नाव उचलून बिनदिक्कत समोर ठेवत असे. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून मात्र मूळ मांडणीतच ते नकार देऊ लागले, आणि आमच्या अनेक जुन्या क्वेरी एका रात्रीत मोडल्या. आम्ही सगळ्यांनी नव्या आवृत्तीला शिव्या दिल्या. जुनी आवृत्ती इतकी वर्षे कोणाचे नाव दाखवत होती, हे पाहण्याचे धैर्य फारसे कोणी केले नाही.

माझी स्वतःची पहिली स्क्रिप्ट मला आजही अक्षरशः आठवते, कारण तिने मला दोन रात्री झोपू दिले नव्हते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून एसक्यूएलाइट या डेटाबेसच्या फाइलला विचारायचे होते की अमुक सांकेतिक क्रमांकाचे पुस्तक आहे का. मूल्य क्वेरीच्या मजकुरात चिकटवायचे नाही, तिथे प्रश्नचिन्ह लिहायचे आणि मूल्य वेगळे द्यायचे, एवढे मला कोणीतरी बजावले होते. मजकुरात चिकटवले तर नावात अवतरणचिन्ह असलेला पहिलाच सभासद क्वेरी मोडतो, आणि एखादा खोडसाळ माणूस नावाच्या जागी स्वतःची आज्ञाच लिहून पाठवू शकतो. मी प्रश्नचिन्ह लिहिले, मूल्य कंसात दिले, आणि चाचणीसाठी पुस्तकाचा सांकेतिक क्रमांक म्हणून नुसते 'अ' लिहिले. चालले. मग खरा, आठ अक्षरांचा क्रमांक दिला, आणि संदेश आला की या विधानाला एक मूल्य हवे आहे, तुम्ही आठ दिली आहेत. मी एकच दिले होते. पुन्हा पुन्हा मोजले, एकच होते. कंस उघडून पाहिला, बदलून पाहिला, संगणक बंद करून सुरू केला.

दुसऱ्या रात्री, चिडून, मी एकेक अक्षर देऊन पाहू लागले. 'अ' चालला. 'आ' चालला. 'की' चालले नाही. दोन मूल्ये दिली आहेत, असे उत्तर आले. त्या 'की'वर मी कितीतरी वेळ बसून होते. डोळ्यांना एकच अक्षर दिसत होते, आणि मग हळूहळू उमगले की संगणकाला त्यात 'क' वेगळा आणि दीर्घ वेलांटी वेगळी दिसते आहे, म्हणजेच तो माझ्या मूल्याकडे मूल्य म्हणून पाहतच नाही, त्यातली अक्षरे एकेक करून मोजतो आहे. पायथनमध्ये नुसत्या कंसाने यादी होत नाही. कंसात एकच मूल्य असेल तर त्याच्यामागे स्वल्पविराम द्यावा लागतो. तो दिला नाही तर कंस निव्वळ शोभेचा, आणि आत उरते ती अक्षरमाळ, जिच्यातले प्रत्येक अक्षर एक स्वतंत्र मूल्य ठरते. एका स्वल्पविरामासाठी दोन रात्री. कोणी शेजारी असते तर अर्ध्या मिनिटात तो स्वल्पविराम टाकून गेले असते, आणि मी आभार मानले असते, आणि पुढे कित्येक वर्षे जिथे तिथे स्वल्पविराम टाकत राहिले असते. वेलांटी वेगळी मोजली जाते हे मात्र मला कधीच कळले नसते, आणि पुढे मराठी नावांची लांबी तपासणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये ते किती उपयोगी पडले हे सांगत बसले तर हा लेख संपणार नाही.

पण त्या दोन रात्रींचे मला फार कौतुकही करायचे नाही. स्वतः धडपडून शिकलेले तेच खरे, असे म्हणणाऱ्या मंडळींमध्ये मला बसायचे नाही, कारण त्याच महिन्यात मी काही शिकले नाही अशाही चार-पाच रात्री घालवल्या होत्या. एकदा स्क्रिप्टने पाचशे नोंदी भरल्या, त्या छापूनही दाखवल्या, आणि दुसऱ्या दिवशी तक्ता रिकामा. शेवटी कमिट करायचे, म्हणजे बदल कायम करायचे, राहिले होते, त्यामुळे जोडणी बंद होताच सगळे परत फिरले होते. एकदा तक्ताच नाहीसा झाला : मी स्क्रिप्ट वेगळ्या फोल्डरमधून चालवली होती, तिथे त्या नावाची फाइल नव्हती, आणि एसक्यूएलाइटने न विचारता त्याच नावाची नवी कोरी फाइल तयार करून मला 'असा तक्ता नाही' म्हणून सांगितले. या दोन्हींत शहाणे होण्यासारखे काही नाही. कोणीतरी आधी सांगायला हवे होते, एवढेच.

आणि एका गोष्टीत तर धडपड परवडतच नाही. वर्गणी थकलेल्या एका सभासदाचा पत्ता बदलण्यासाठी मी अपडेट लिहिले, व्हेअरची ओळ निवडायची राहिली, आणि निवडलेला तेवढाच भाग चालवला. पडद्यावर अतिशय शांतपणे उमटले : १८,४०२ ओळी बदलल्या. क्षणभर मला त्या आकड्याचा अर्थच लागला नाही. मग पोटात खड्डा पडला, हात गार पडले आणि कानांत काहीतरी वाजू लागले. शहरभरचे सगळे सभासद आता एकाच घरात राहत होते. तेव्हापासून कोणताही बदल करण्याआधी मी व्यवहार (कमिट होईपर्यंत बदल कच्चाच ठेवणारी सोय) सुरू करते, तीच अट आधी सिलेक्टमध्ये घालून किती ओळी येतात ते पाहते, मग बदल करते, आकडा तोच आला तर कमिट, नाही तर रोलबॅक, म्हणजे सगळे मागे. मायएसक्यूएलच्या आज्ञापटलावर अशा विनाअट बदलांना अडवणारा एक पर्याय आहे, सेफ अपडेट्स नावाचा, आणि त्याचे दुसरे अधिकृत नाव आहे 'आय ॲम अ डमी'. मी तो बिनतक्रार लावून ठेवते.

तर त्या मुलाकडे परत येते. 'त्याने उत्तर येतं' हे ऐकल्यावर मी त्याला शेजारी खुर्ची दिली, कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला आणि माझे हात मांडीवर ठेवले. हात मांडीवर ठेवणे हे सांगायला सोपे आहे. दोनदा ते आपोआप उठले. त्याला म्हटले, ती नॉट नलची ओळ काढ आणि चालव. सगळे सभासद आले, पण ज्यांनी काहीच नेले नव्हते त्यांच्यासमोर शून्याऐवजी १ होता. त्याने माझ्याकडे पाहिले. मला उत्तर ठाऊक होते, जिभेच्या टोकावर होते, आणि मी खिडकीबाहेर बघू लागले. मग त्याला पाठकोरा कागद दिला आणि सांगितले की तीन सभासद लिही : एकाने दोन पुस्तके नेली, एकाने एक, एकाने काहीच नाही. आता लेफ्ट जॉइनने किती ओळी येतील त्या हाताने मांड. त्याने मांडल्या. दोन, एक, आणि तिसऱ्या सभासदापाशी पेन थांबले. 'याची ओळ येणार का?' 'लेफ्ट जॉइन आहे ना?' 'मग येणार. उजवीकडे कोरी.' त्याने कोऱ्या जागी आडव्या रेघा मारल्या, पेनाचे टोक ओळींवरून फिरवत मोजले, आणि तिसऱ्या सभासदापाशी आल्यावर स्वतःशीच म्हणाला, 'ओळ तर एक आहेच की.' तो ओळी मोजत होता, पुस्तके मोजत नव्हता. काउंटमध्ये तारांकनाऐवजी देवघेवीचा क्रमांक लिहिला की नल असलेली जागा मोजणीतून सुटते आणि शून्य येते, हे त्याने मग शोधून वाचून काढले. पाऊण तास लागला. त्या दिवशीचे माझे दोन अहवाल राहिले आणि त्याबद्दल मी बोलणीही खाल्ली, हे नोंदवून ठेवायला हवे, कारण अशा गोष्टी सांगताना तो भाग सहसा गाळला जातो.

पाठकोऱ्या कागदाची ती सवय मात्र टिकली. पुढच्याच आठवड्यात दंडाच्या बेरजेचा प्रश्न आला. एका सभासदाच्या दंडाच्या दोन नोंदी होत्या, दहा आणि दहा, आणि त्याने पुस्तके नेली होती तीन. सभासद, देवघेव आणि दंड हे तिन्ही तक्ते एकत्र जोडून बेरीज मागितली तर उत्तर ६० आले, यायला हवे होते २०. त्याने, बहुतेक सगळे करतात तसे, बेरजेत सारखी मूल्ये एकदाच धरणारे डिस्टिंक्ट घालून पाहिले, आणि उत्तर १० झाले. डिस्टिंक्ट म्हणजे सांडलेल्यावर फिरवायचे पोतेरे असा सर्वत्र समज आहे; त्याने डाग जातो आणि खालचा रंगही जातो. या वेळी तो माझ्याकडे आलाच नाही. दूरून दिसत होते की त्याने कागद ओढला, तीन ओळी आणि दोन ओळी लिहिल्या, प्रत्येकीपासून प्रत्येकीकडे रेघ काढली, आणि सहा रेघा मोजून खुर्चीत मागे रेलला. नंतर पाहिले तर त्याने दंडाची बेरीज आधी वेगळ्या उपक्वेरीत सभासदागणिक करून घेतली होती आणि मगच जोडली होती. मला बरे वाटले, आणि थोडेसे विचारले न गेल्याचे वाईटही वाटले.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा माझ्या टेबलापाशी आला, आणि या वेळी लॅपटॉप तबकासारखा धरलेला नव्हता. त्याच्या हातात नुसता कागद होता. त्याला दिवसागणिक देवघेवीचा आलेख काढायचा होता, आणि त्यासाठी त्याने माझी, मी सहा वर्षांपूर्वी लिहिलेली, मासिक अहवालाची क्वेरी घेतली होती. तिच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. 'मॅडम,' तो जरा चाचरत म्हणाला, 'महिन्याच्या शेवटच्या दिवशी लोक फक्त रात्री बारा वाजताच पुस्तकं नेतात का?'

मी कागद घेतला. ३० तारखेला १३० च्या आसपास नोंदी, ३१ तारखेला चार, आणि त्या चारही ठीक बारा वाजताच्या. त्याच्या आदल्या महिन्यात शेवटच्या दिवशी सहा, बारा वाजताच्या. क्वेरीत मी लिहिले होते : वेळ बिट्वीन महिन्याची पहिली तारीख आणि शेवटची तारीख. रकान्यात तारखेबरोबर तासमिनिटेही असतात. नुसती ३१ तारीख लिहिली की डेटाबेस ती ३१ च्या मध्यरात्रीचे शून्य तास, शून्य मिनिटे अशी वाचतो, आणि त्या क्षणानंतरचा सबंध दिवस बाहेर राहतो. ज्या एका छोट्या शाखेच्या नोंदी हाताने, वेळेशिवाय चढवल्या जातात, तेवढ्याच मध्यरात्रीच्या म्हणून आत येत होत्या, आणि त्यांच्यामुळेच शेवटचा दिवस कधी पुरता रिकामा दिसला नव्हता. शून्य ओळी आल्या असत्या तर कोणीतरी पहिल्याच महिन्यात विचारले असते.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आले ते सांगायला हवे. मनात आले की हा जेवायला गेला की आपण ती ओळ बदलून टाकावी. 'पहिल्या तारखेपासून पुढे, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आधी', एवढेच लिहायचे होते. अर्ध्या मिनिटाचे काम. तो समोर उभा होता, आणि मला चूक सापडली आहे हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळत होते, पण बहुधा त्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती. मी त्याला खुर्ची दिली.

क्वेरी त्याच दिवशी दुरुस्त झाली. सहा वर्षांच्या ७२ अहवालांत एकेक दिवस कमी आहे, आणि ते अहवाल ज्यांना पाठवले त्यांना कळवावे लागणार आहे. पत्राचा मसुदा त्याने करून दिला आहे. पहिल्या वाक्यात त्याने 'आमच्याकडून' असे लिहिले आहे, आणि ते तसेच ठेवावे की 'माझ्याकडून' करावे, यापाशी मी कालपासून अडले आहे.